एकमताने

किचनर,
फेब्रुवारी २०१८

प्रिय सुधाकर,

अक्षर ओळखलंस का? पूर्वीसारखं राहिलेलं नाही, उजव्या अंगठ्यात संधिवात आहे. पण हे ईमेलने पाठवावंसं वाटेना. तुझा पत्ता कॅल्गरीच्या मराठी मंडळाकडून मिळवला. त्यांच्या दिवाळी अंकात तुझा फोटो होता, ज्येष्ठ सभासदांच्या सत्काराचा. शेजारी पत्नी सीमा असाव्यात, नाव खाली छापलं होतं, मागे मुलगी आणि जावई. केस सगळे गेलेत तुझे, पण एक खांदा खाली टाकून उभं राहायची तऱ्हा तीच आहे. मंडळाच्या सेक्रेटरीने विचारलं, तुम्ही त्यांना कशा ओळखता? मी म्हटलं, आम्ही एकत्र काम करायचो. ऑइल कंपनीत का, असं त्याने विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पत्ता देऊन टाकला.

बातमी आधी सांगते. बापू गेले. नोव्हेंबरच्या अखेरीस, इथल्या हॉस्पिसमध्ये. पुतण्याने पेपरात चार ओळी दिल्या, त्यात 'निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक' एवढंच होतं. पक्षाचं नाव नव्हतं. आपली आयला फार चिडली. मी नाही चिडले. त्या पोराला आपल्या पक्षाचं अख्खं नाव तरी कुठे माहीत असणार?

तुला वाटेल, पक्ष अजून होता? होता. शेवटची काही वर्षं आम्ही तिघंच, बापू, आयला आणि मी. महिन्यातून एकदा आयलाच्या किचनमध्ये बैठक व्हायची. आधी विषयपत्रिका वाचायची, मग मागच्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर करायचं, मग जागतिक परिस्थितीवर बापू बोलायचे, मग आयला तिचा वेलदोड्याचा ब्रेड कापायची. आयलाचा नातू एकदा बेसमेंटमधून वर आला, पाच मिनिटं ऐकत उभा राहिला आणि विचारून गेला, ग्रँडमा, हा बुक क्लब आहे का? बापूंनी त्यालाही गंभीरपणे उत्तर दिलं. तू असतास तर हसला असतास. मीही हसले असते, पण इतिवृत्त मी लिहीत होते.

आणि तरी एके काळी आपल्याला कुणी हसत नव्हतं. बापूंची लंडनमधली ती खोली आठवते? आपल्या ओंटारिओतल्या लंडनमधली. तळघरातली खोली, खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त बूट दिसायचे. पीएचडी अर्धवट सोडून बसलेला गडहिंग्लजचा माणूस, आणि भोवती आपण सात-आठजण. तू नागपूरहून मास्टर्स करायला आलेला इंजिनियर, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नवीन. खरं सांगायचं तर मी तिथे मराठी बोलायला मिळेल म्हणून आले होते. भावाच्या घरी वहिनी सोडली तर दिवसभर मराठी कानावर पडत नसे. बापू पोह्यांपासून सुरुवात करायचे आणि मार्क्सच्या अतिरिक्त मूल्यापर्यंत जाऊन थांबायचे. मला निम्मं कळत नसे. पण जे लॅबमध्ये रोज दिसत होतं, तपासणीला येणाऱ्या गिरणीवाल्यांची फुप्फुसं, फाउंड्रीवाल्यांचं रक्त, त्याला कारण असतं आणि ते कारण बदलता येतं, हे मला पहिल्यांदा त्या खोलीत कुणीतरी सांगितलं. ते मी आजही खोटं मानत नाही.

मग भारतात आणीबाणी आली. ओटावाला उच्चायुक्तालयासमोर आपण थंडीत फलक घेऊन उभे राहिलो आणि आपल्याशेजारी पहिल्यांदा इथले लोक येऊन उभे राहिले. त्यातच आयला होती. थंडर बेची, फिनिश लाकूडतोड्याची मुलगी, कामगारांच्या हॉलमध्ये वाढलेली. तिने स्वतःचे मिटन्स काढून मला दिले होते. पुढच्या वर्षी पक्ष स्थापन झाला. लांबलचक नावाचा पक्ष आणि 'अ‍ॅन्व्हिल' नावाचं साप्ताहिक. आपण मराठीत त्याला ऐरण म्हणायचो. कारखान्यांच्या गेटवर शिफ्ट सुटताना ते विकायचं. थंडीत बॉलपेनमधली शाई गोठायची, आणि तरीही दर आठवड्याला गठ्ठा संपायचा. लंडन, किचनर, हॅमिल्टन, तीन गावांत शाखा झाल्या. सभासद शंभरच्या घरात गेले. 'क्रांती' हा शब्द आपण भाजी आणायला जावं इतक्या सहज बोलत होतो.

शिकलेल्या सभासदांनी कारखान्यात जावं, असा ठराव झाला तेव्हा सगळ्यात आधी तू गेलास. कन्सल्टिंग फर्मची नोकरी सोडलीस, डिग्री लपवलीस आणि किचनरच्या रबर कारखान्यात, रबर तापवून घट्ट करायच्या व्हल्कनायझिंगच्या खात्यात, साधा कामगार म्हणून लागलास. तुझ्या बाबांनी तुला पत्र लिहिणं बंद केलं. आपण त्या जर्मन बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला लागलो. खालून पावाचा वास यायचा आणि तुझ्या अंगाला कितीही आंघोळ केलीस तरी जळक्या रबराचा. तू संकोचून दूर बसायचास. मला तो वास कधीच नकोसा वाटला नाही, हे तेव्हा सांगायचं राहिलं. वसंतात सिटी हॉलमध्ये जाऊन लग्नाची नोंदणी करायची, असं आपलं ठरलं होतं.

पण त्याआधी संप झाला. तुझ्या खात्यातल्या धुराने माणसं काळं खोकत होती, आणि धूर बाहेर ओढणारे पंखे बसवा एवढी साधी मागणी कंपनी दोन वर्षं टोलवत होती. तो अख्खा हिवाळा आपण कारखान्याच्या गेटसमोर पिकेट लाइनवर काढला. ड्रममध्ये लाकडं पेटवलेली, पोर्तुगीज कामगार बायका आपल्या सूपला नावं ठेवत स्वतःचं घेऊन येत, आणि तू कुणाकुणाच्या ड्राइव्हवेतला बर्फ शोव्हल करून परत लाइनवर हजर. त्या महिन्यांत जितके कामगार पक्षात आले तितके त्याआधी आणि त्यानंतर कधी आले नाहीत. ते बापूंच्या भाषणांनी आले नव्हते. तुझ्यामुळे आले होते.

हिवाळा संपता संपता कंपनीने देकार दिला. पंखे बसवू, पगारवाढ मात्र नावापुरती. पक्षाची भूमिका ठरली की नाकारायचा, संप पसरवायचा, हॅमिल्टनपर्यंत न्यायचा. तू युनियनच्या हॉलमध्ये उभा राहिलास. मी मागच्या रांगेत होते. तू कागद आणला नव्हतास, आणि बोललासही अगदी थोडं.

"पंखे मिळतायत, ते घ्या. बाकीचं पुन्हा मागू."

लोकांनी देकार स्वीकारला. काहीजण रडत होते, हरल्यामुळे की सुटल्यामुळे ते मला कळलं नाही. आठवड्याभराने पक्षाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. संधिसाधूपणा, शिस्तभंग, वर्गशत्रूशी तडजोड, हे शब्द बापूंनी वाचले. तू एकदाच बोललास, की त्या खात्यात या खोलीतल्यांपैकी फक्त मी श्वास घेतलाय. मग मतदानासाठी तुला बाहेर जिन्यात थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने बापूंनी दार उघडून तुला निर्णय सांगितला. एकमताने हकालपट्टी. तू बापूंकडे बघितलं नाहीस. माझ्याकडे बघितलंस. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमधून परत आले तर कपाटातली तुझी बाजू रिकामी होती. कॅल्गरीला तेलाच्या कंपन्या इंजिनियर भराभर घेतायत, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. पुढचं काही मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

पंखे बसले. तेही तुला कुणी कळवलं नसेल.

त्यानंतर पक्ष उतरणीला लागला. रबर कारखान्यातले कामगार एकेक करून सोडून गेले. कुणी भांडलं नाही, यायचे थांबले इतकंच. मग चीनने वाट बदलल्याच्या बातम्या येऊ लागल्या, आणि कुठली बातमी मानायची यावर हॅमिल्टनची शाखा फुटली. बायकांनी विचारलं की पुरुष ठराव मांडतात आणि खुर्च्या आम्हीच का उचलतो. त्यावर समिती नेमली गेली, आणि तिच्या खुर्च्याही बायकांनीच मांडल्या. कुणाला मुलं झाली, कुणी मॉर्गेज घेतलं, कुणी कॉलेजात प्राध्यापक झालं. मला एकदा निवडणुकीला उभं केलं होतं. जेवढी मतं पडली त्याच्या कितीतरी पट लोकांना मी स्वतः घरी जाऊन भेटले होते, त्यातल्या बऱ्याच जणांनी देतो म्हणूनही मत दिलं नाही. साप्ताहिकाचं मासिक झालं, मासिकाची झेरॉक्स पानं. सोव्हिएत युनियन कोसळत होता त्या दिवसांतही बापूंनी शाळेत तास घेतले, संध्याकाळी बैठक घेतली आणि विषयपत्रिका होती तशीच ठेवली. तुझा रबर कारखाना बंद पडला, आता तिथे सॉफ्टवेअर कंपन्यांची ऑफिसं आहेत. मधल्या काळात काही विद्यार्थी आले, तंबू टाकून आंदोलनं चालली होती तेव्हा. चांगली मुलं होती. बापू त्यांना जुने ठराव वाचून दाखवायचे. दोनदा आली.

तू विचारशील, मग मी का राहिले. मीही स्वतःला विचारलंय. लग्न केलं नाही, ते तुझ्यासाठी असं म्हणणार नाही, ते खरंही नाही. दिवस भरत गेले. लॅबमध्ये युनियनचं काम केलं, त्यातलं बरंच यशस्वी झालं. आणि पक्ष सोडला तर ज्याच्यासाठी सगळं गेलं तेच टाकून दिल्यासारखं झालं असतं. हे काही विचारसरणीतलं कारण नव्हे, पण होतं ते हे.

बापूंना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तो ऑगस्टमध्ये. ऑक्टोबरात हॉस्पिसमध्ये हलवलं. आयला आणि मी आलटून पालटून जायचो. एका दुपारी त्यांनी दोघींना एकत्र बोलावलं आणि सांगितलं की पक्षाची बैठक घ्यायची आहे. विषय दोन. नर्सने येऊन उशी सरळ केली, ती जाईपर्यंत ते थांबले. मग आयलाला इंग्रजीत सांगितलं की पहिला विषय सुधाकरचा आहे. इतक्या वर्षांत तुझं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले,

"एकमताने नव्हतं ते, जयंती. तुझा हात खाली होता."

मी म्हटलं, "माहीत आहे मला, बापू. मी तिथेच होते."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

मी सांगितलं की निर्णय झाला की तो सगळ्यांचा असतो, हे तुम्हीच शिकवलं होतंत. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. पण ते म्हणाले, मला भीती वाटली होती, तुझा एक हात खाली आहे हे त्याला कळलं तर तो लढेल, आणि कामगार त्याच्या बाजूने येतील. मी पक्ष वाचवायला बघत होतो. आयलाने काय चाललंय ते विचारलं, मी तिला सांगितलं. तिने तेव्हा हात वर केला होता. ती म्हणाली, ठराव मांडा. सुधाकरची हकालपट्टी चुकीची होती, ती रद्द करून त्याचं सभासदत्व त्या तारखेपासून अखंड धरावं, असा ठराव बापूंनी स्वतः मांडला. मत देताना त्यांचा हात उचलला जाईना. आयलाने कोपराखाली हात घालून तो वर धरला. यावेळी खरोखरच एकमत झालं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. बैठकीतला दुसरा विषय पक्ष विसर्जित करण्याचा होता. बापूंनी तो वाचला आणि स्वतःच थांबले. आपल्या घटनेप्रमाणे विसर्जनाला प्रत्येक सभासदाचं मत लागतं, आणि ते प्रत्यक्ष हजर राहून द्यावं लागतं. आता आपण चौघं आहोत, म्हणाले, तो विषय पुढच्या बैठकीत घ्या. त्या बैठकीला ते राहिले नाहीत. राहिलो तिघं, आयला, मी आणि तू. बर्फ वितळला, रस्ते बरे झाले की आयलाच्या घरी बैठक ठेवते. सीमांनाही घेऊन ये, मला त्यांना भेटायचं आहे. तू बाजूने मत दे, विरुद्ध दे, तो तुझा अधिकार आहे. आलास आणि काहीच न बोलता बसलास तरी मी समजेन. पण यावेळी तुला बाहेर जिन्यात थांबावं लागणार नाही. आत, माझ्या शेजारी बस. कुणाचा हात वर आहे आणि कुणाचा खाली, ते तुझ्या डोळ्यांनी बघ.

तुझीच, आणि आता पुन्हा तुझी कॉम्रेड,
जयंती