लाल ठिपक्याचा स्विच

दि. १७ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप मामा,

नमस्कार. वाकूनच केलाय, आणि थोडा वेळ तसाच वाकून राहणार आहे. कारण पुढे कळेल. पाच महिने पत्र नाही, माफ करा. कामात होतो असं लिहिणार होतो, पण रोजनिशी चाळली तर तसं काही दिसलं नाही. आधी आळस होता, मग लाज. तुमचा गुडघा परवापेक्षा बरा असेल. मामींचा खोकला?

तर, आपल्या जुळ्या गाड्यांपैकी माझ्या गाडीचा ब्रेकचा दिवा जूनमध्ये गेला. मला कळलं ऑगस्टमध्ये. त्याचं असं झालं, की संशय आला म्हणून मी आत बसून ब्रेक दाबला आणि मागे उभ्या असलेल्या तुमच्या सूनबाईला ओरडून विचारलं, "दिवा लागतो का?" ती म्हणाली, "म्हणजे काय, लागतोच! मागच्याला कळायला नको?" मी समाधानाने दोन महिने गाडी चालवली. (ती शाळेत भाषा शिकवते. शब्दाच्या अर्थावरून तिच्याशी वाद घालून मी आजवर जिंकलेलो नाही.) शेवटी एका टेम्पोवाल्याने मागचा बंपर चेपून मला खरा अर्थ समजावला. लाज ती हीच.

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, बल्ब ठणठणीत आहेत. पेडलवरचा स्विच मेलाय." बोटभर वस्तू, पेडल खाली गेलं की तिचं पितळी नाक बाहेर येतं आणि दिवा पेटतो. पण आपल्या गाडीचा कारखाना बंद होऊन तीस वर्षं झाली, आणि येत्या सोमवारी सरकारी तपासणी. दिवा पेटला नाही तर गाडी कायमची बाद. मेलेला स्विच रुमालात गुंडाळून मी अकरा दुकानं पालथी घातली. प्रत्येक दुकानदार तो उलटा करी आणि बुडावरचा लाल ठिपका बघून गंभीर होई. एक म्हणाला, "ठिपकेवाला? हा परदेशी पाठवायचा माल. विसरा." दुसऱ्याच्या मते ठिपका म्हणजे पाण्यात चालणारा. नवव्या दुकानातल्या आजोबांनी मात्र फडताळातून हुबेहूब तसाच स्विच काढला. फक्त ठिपका नव्हता. मी नम्रपणे म्हणालो, "आजोबा, नकली नको." त्यांनी चष्मा काढला, स्विच पुन्हा डबीत ठेवला आणि म्हणाले, "चाळीस वर्षं मी इथे गोळ्या-बिस्किटं विकतोय का? उतर पायरी!"

परवा, रविवारी, तुमच्या गुडघ्याच्या चौकशीला आलो, तेव्हा मामी छत्रीच्या दांड्यावर नेलपॉलिशने लाल ठिपका काढत होत्या. म्हणाल्या, "अदलाबदल नको म्हणून रे. घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंना लावते. ह्यांच्या गाडीचंसुद्धा काही सोडलेलं नाही." माझा चहा बशीत सांडला. ३० मे रोजी तुम्ही आमच्याकडे मुक्कामाला असताना "जरा गाडी बघून येतो" म्हणून अर्धा तास खाली होता, अशी रोजनिशीत नोंद आहे. मी आरोप करत नाही. स्क्रू दोनच आहेत. दोन्ही चुकून निघाले असतील, आणि चुकूनच पुन्हा बसले असतील.

मामींना नमस्कार.

तुमचाच (म्हणूनच असा),
भाचा

ता. क. रविवारी मीही "जरा गाडी बघून येतो" म्हणून खाली गेलो होतो. माझा स्विच आता माझ्या गाडीत आहे, ठिपकेवाला तुमच्या. ही चोरी की परतफेड, यावर रोजनिशीची चार पानं गेली. निकाल नाही. पण वाकून का आहे, ते कळलं असेल.

आणखी एक ता. क. म्हणजे तुमचा ब्रेकचा दिवा आता पेटत नाही. मामींना घेऊन गाडी काढू नका, हात जोडतो. त्या आजोबांकडे तो स्विच अजून आहे, पण मला ते पायरी चढू देत नाहीत. तुम्ही बसने जाऊन आणा. माझं नाव काढू नका, आणि ठिपक्याबद्दल तर चकार शब्द नको.

शेवटचं. पत्र पोचायला चार दिवस लागतात, हे पाकीट चिकटवताना लक्षात आलं. म्हणून रोजनिशीत टिपून ठेवलंय:

उद्या उठल्याबरोबर मामींना फोन. त्यांना गाडीमागे आणि मामांना ब्रेकवर उभं करून विचारणे. "लागतो का" नव्हे, "पेटतो का".