मापातला शब्द

आई, परवा वर्गात मुलींना 'प्रामाणिक' या शब्दाची फोड सांगत होते. 'मा' म्हणजे मोजणं, त्यावरून प्रमाण, आणि प्रमाणाला धरून वागतो तो प्रामाणिक. हे पहिल्यांदा तुला सांगितलं तेव्हा मी नववीत होते. घाटकोपरच्या आपल्या खोलीत, ओट्याला लागून ठेवलेल्या मशीनवर तू ब्लाउज शिवत होतीस. गळ्यात टेप होती. ऐकून हसलीस. "म्हंजे ह्यो शब्द आमचो, शिवणाऱ्यांचो," म्हणालीस. तुझ्या तोंडी एरवी 'इमान' असायचं. ते अरबीतून आलं आणि तिथे त्याचा अर्थ श्रद्धा, हे मला फार उशिरा कळलं. तोवर तू नव्हतीस.

नववीतल्या त्याच आठवड्यात समोरच्या इमारतीतल्या मुलीचा लग्नातला ब्लाउज बिघडला. तिच्या शालूतूनच काढलेलं जरीचं कापड, तसं दुसरं मिळणार नव्हतं. ती घालून बघायला आली तर हुक लागेनात, आणि उसवून सैल करावं इतकंही कापड शिवणीत नव्हतं. ती रडत घरी गेली. मी म्हटलं, "कापडच कमी होतं म्हणून सांग ना. कोणाला कळणार आहे?" तू टेप आणि मापांची वही पिशवीत टाकलीस. "ऊठ. चपला घाल," म्हणालीस.

त्यांच्या दारात तू उभी आहेस, तिच्या आईला सांगतेस, "कापड भरपूर होतं. चूक माझी. मी दुसरा शिवून देते." ती बाई नको नको ते बोलते आणि तू ऐकून घेतेस. मग घरी येऊन तू ट्रंकेतून स्वतःचा लग्नातला शालू काढलास, त्याच्या पदराला कात्री लावलीस आणि दोन दिवसांत तिला ब्लाउज शिवून दिलास. तो घालून ती बोहल्यावर उभी राहिली. तरी त्या इमारतीतून पुढे वर्षभर तुझ्याकडे शिवायला काही आलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. पहिल्या वेळी तू तिची मापं घेत होतीस आणि वहीत मी उतरवत होते. तू छत्तीस म्हणालीस, मी चौतीस लिहिलं. त्यांच्या घरी तू तिला पुन्हा मोजलंस आणि "छत्तीस" म्हणालीस, तेव्हा माझ्या लक्षात आलं. वही तुझ्या पिशवीतच होती. ती या वेळी तू मला लिहायला दिली नाहीस, आकडा मनातच ठेवलास. मी तुझ्या मागे उभी होते, आणि काहीच बोलले नाही.