वाय दाबा

जळगाव, मंगळवार, फेब्रुवारी १९९६

आज सर्व्हरवरून माझी मराठी छपाईची लायब्ररी, म्हणजे मराठी अक्षरं छापणारा प्रोग्रॅम, काढून टाकली. मीच काढली. आमच्या डाळ मिलमध्ये तूर आणणाऱ्या शेतकऱ्यांना वजनाची पावती मराठीत मिळावी, म्हणून अक्षर अक्षर जुळवून लिहिली होती. आता पुण्याहून विकत आणलेलं पॅकेज बसवलंय. ते फक्त इंग्रजीत छापतं. दोन्ही ठेवता आलं असतं. मॅनेजरसाहेबांना तसं सांगितलंही.

"मॅडम, घरगुती काम कंपनीत चालत नाही."

घरगुती! पापड लाटत होते का मी?

कमांड दिली. खरंच काढायचं का, वाय की एन, असं मशीनने विचारलं. त्याने निदान विचारलं तरी! साहेब मागेच उभे. म्हणाले, "वाय दाबा." दाबलं.

संध्याकाळी वजनकाट्यावरून एक म्हातारे आबा नवी पावती घेऊन माझ्या खिडकीशी आले.

"माय, हाई काय लिखेल शे?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी पावती उलटसुलट पाहिली. "पहिले ते मीच वाची लेत व्हतू," एवढंच म्हणाले आणि गेले.

त्याच वेळी साहेब मालकांना फोनवर सांगत होते, नवं पॅकेज सुरू झालं, कुणाचीही तक्रार नाही.

खरंच आहे. आबांनी कुठे केली तक्रार? आणि मी तरी?