पाड्याच्या अलीकडे थांबलेला पत्ता

शहापूर, १४ जून २००५

किळस आली आज. मी परीक्षा केंद्राच्या तपासणीला गेले होते. डोळखांबच्या पाड्यावरची शिक्षिका सुनंदा शिक्षकांच्या परीक्षेला आली, तर केंद्रावरचा कारकून म्हणाला, "कॉम्प्युटरवर नाव नाय." मागच्या वेळीही तिला असंच परत पाठवलेलं.

"आमी काय माणसात नाय, बाई?" तिने मला विचारलं.

कारकुनाला कॉम्प्युटरसमोरून उठवलं. काळ्या पडद्यावर त्याने टाइप केलेला एलडॅपचा, म्हणजे नावांच्या सरकारी यादीत शोधायचा, पत्ता तुकड्या-तुकड्याने वाचला. शोध गावापर्यंतच उतरत होता. पाडा त्याच्या एक पायरी खाली. 'वन', म्हणजे एकच पायरी, खोडून 'सब', म्हणजे खालच्या सगळ्या पायऱ्या, लिहिलं. सुनंदा सापडली, परीक्षेला बसली.

"पाड्यापर्यंत कोण शोधतं, मॅडम?" कारकून हसला.

म्हणजे ठाऊक होतं त्याला! मग बाकीचे पाडे त्यालाच शोधायला लावले. त्याने आजवर परत पाठवलेल्या बायकांची नावं त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतली. त्याचं हसू गेलं. माझी किळस नाही गेली.