ओलवलेल्या दाण्यांची बिअर

अहो आई,

तुमची सून पहिली आली. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट ऐकता ऐकता मध्येच उठून गॅस बघायला जायची तुमची सवय. इथे आपल्या रीडिंग गावात घरी बिअर करणाऱ्यांचा एक क्लब आहे, पबच्या मागच्या खोलीत भरतो. त्यांच्या यंदाच्या स्पर्धेत माझी बिअर पहिली आली. हो, बिअर. सून दारू गाळते म्हटल्यावर तुम्ही जपमाळ घेऊन वरच्या खोलीत जाऊन बसला असता, माहीत आहे मला. पण तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, ऐकून घेण्यावाचून तुम्हाला गत्यंतर नाही.

तुम्ही आमच्याकडे कायमच्या राहायला आलात, ती पहिली दिवाळी आठवते. करंज्यांना दुकानातला रवा तुम्हाला चालत नव्हता. गहू ओलवून, फडक्यात दडपून ठेव, मग रवा काढ, असं तुम्ही मला बजावलं होतं. मला वाटलं, घरात मिक्सर असताना कशाला एवढे सोपस्कार, आणि मी कोरडेच गहू फिरवले. तुम्ही किचनमध्ये येता, चिमूटभर घेता, बोटांत चोळता. कोंड्याचा नुसता भुगा, रव्यात मिसळून गेलेला. लंडनच्या इल्फर्डहून आलेल्या तुमच्या नणंदबाई तिथेच बसलेल्या. त्यांच्यासमोर तुम्ही म्हणता, "हिला सगळं येतं हो, पण हिच्या हाताला दळण कळत नाही." आवाजसुद्धा चढवला नाहीत. चढवला असतात तर मी भांडले तरी असते. फार लागलं ते मला. नोकरीत बढती मिळाली, मुलं शिकून आपापल्या घरी गेली, पण घरात काही दळायची वेळ आली की तुमचं तेच वाक्य कानात वाजायचं. शेवटी मी थालीपिठाची भाजणीसुद्धा विकतची आणायला लागले.

मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मला त्या क्लबात ओढून नेलं. बिअरला मोड आणून वाळवलेली बार्ली लागते. ती भरडायची, नळ लावलेल्या पातेल्यात गरम पाण्यात भिजवायची आणि खालच्या नळानं गोड पाणी काढून घ्यायचं, ते आंबलं की बिअर. बाकीच्यांकडे रोलरवाली महागडी यंत्रं, ड्रिल लावून फिरवायची. मी घेतली सगळ्यात स्वस्तातली हातगिरणी, मका दळायची, टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळायची, दांडा फिरवला की खडखडणारी. तुमच्या लेकानं ती बघितली आणि विचारलं, पार्सल परत करायची मुदत कधीपर्यंत आहे? पहिल्या खेपेला मी तुमच्याच धाकानं दाणे भाकरीच्या पिठासारखे बारीक दळले. पातेल्यात लापशी झाली. नळ सोडला तर थेंब गळेना. क्लबातल्या एका आजोबांनी अगदी प्रेमानं समजावलं की टरफल अख्खं राहिलं पाहिजे, त्याचीच गाळणी होते, आणि या खेळण्यानं ते तुला जमायचं नाही, दुकानातून भरडून आण. झालं, माझं डोकंच फिरलं. दळणावरून सासूचं ऐकून घेतलं तेवढं पुष्कळ झालं, आता हा बाबा कोण?

घरी येताना गाडीत माझी ट्यूब पेटली. टरफल अख्खं आणि आतला दाणा फुटलेला, म्हणजे हा आपला करंज्यांचा रवाच की, दाणे ओलवले की साल चिवट होते, तिचा भुगा होत नाही. स्पर्धेची बिअर करायला घेतली तेव्हा मी बार्लीवर पाण्याचा हबका मारला, हातानं वरखाली केली, थोडा वेळ फडक्याखाली दडपली. गिरणीच्या चकत्या जरा सैल केल्या. दांडा फिरवला, चिमटीत घेऊन चोळून बघितलं. टरफलं अख्खी, आत छान भरड. मी एकटीच मोठ्यानं हसले. नंतर नळ सोडला तर मधाच्या रंगाची धार लागली, कुठे अडणं म्हणून नाही. तुमचा लेक वाकून बघत होता, त्याला म्हटलं, कर आता पार्सल परत.

निकालाच्या दिवशी परीक्षकबाईंनी माझा ग्लास उजेडाकडे धरला, एक घोट घेतला, आणि लिहायचं सोडून दुसरा घेतला. तेव्हाच मला कळलं. नंतर त्या आजोबांनी सगळ्यांसमोर विचारलं, धान्य कुठून भरडून आणलंस? मी म्हटलं, "घरी, हातानं. माझ्या हाताला दळण कळतं." खोलीभर टाळ्या. अहो, किती आनंद झाला म्हणून सांगू, मी त्या रात्री झोपेतसुद्धा हसत होते म्हणे.

हा कागद आता कपाटात जाईल, दुसरीकडे कुठे जाणार? पण एक सांगते. टाळ्या चालू होत्या तेव्हा मी सारखी दाराकडे बघत होते. एवढ्या लोकांनी छान म्हटलं, पण मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.