अठरा ते सव्वीस

प्रिय शेंडेफळ,

काल मला सव्वीस आठवडे पूर्ण झाले. कशाचे, ते तुला माहीत नाही, कारण मी आईला शपथ घातली होती. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे आपण दोघी जाणतो. तरी तिने चार महिने काढले. तेव्हा आधी बस, मग पुढे वाच. मी गरोदर आहे. बाळाचं हृदय नीट चाललं आहे. यातलं दुसरं वाक्य लिहायची परवानगी मला काल मिळाली.

पहिल्या वेळचं तुला बरंचसं ठाऊक आहे. एकविसाव्या आठवड्यात सोनोग्राफी करणारी मुलगी बोलता बोलता गप्प झाली. ठोके एकशे चाळीसच्या आसपास हवे होते, ते अठ्ठावन्न होते. हृदयाचा वरचा कप्पा खालच्या कप्प्याला निरोप धाडतो, तो निरोपच पोचत नव्हता. तीन आठवड्यांनी तेही थांबलं. मग एक वयस्कर डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी बाळाबद्दल एक शब्द न काढता माझी बोटं हातात घेतली. सकाळी आखडतात का? उन्हात गेल्यावर गाल लाल होतात का? दोन्ही होत होतं. बोटांचं खापर मी पेन्सिलीवर फोडलं होतं. बारा वर्षं प्रुफं तपासणाऱ्या बाईची बोटं दुखणारच. आठवड्याने रिपोर्ट आले. ल्युपस. शरीराचे पहारेकरी घरातल्याच माणसांना चोर समजून मारतात, असा हा आजार. माझ्या रक्तात त्यातलीच ‘रो’ नावाची एक अँटिबॉडी आहे. ती वारेतून पलीकडे जाते आणि बाळाच्या हृदयातली निरोपाची वाट जाळते. मला आजार आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. बाळामुळे तो कळला. हे मी तेव्हा कुणाशी बोलले नाही. आपल्याच रक्ताने, एवढंच डोक्यात फिरत राहायचं.

त्यानंतरची तीन वर्षं मी गोळ्या घेतल्या, टोपी घातली, छत्री वापरली. दर महिन्याला लघवी तपासली, कारण हा आजार मूत्रपिंडांवरही डोळा ठेवून असतो. तुझे भावजी लिफ्ट दुरुस्त करत राहिले आणि मी वेळापत्रकं आणि शाळेची पुस्तकं तपासत राहिले. आम्ही दोघांनी मिळून तो विषय माळ्यावर टाकला होता. तो खाली काढला त्यांनीच, भांडी पुसताना. म्हणाले, एकदा नुसतं विचारून तर येऊ, विचारायला काय जातं. मी म्हटलं, तुमचं काय जातंय. ते म्हणाले, माझंही गेलंच होतं की. आणि पुढचं ताट पुसायला घेतलं. मग आम्ही गेलो.

इस्पितळात या विषयावर एक अभ्यास सुरू आहे. चालवणारे डॉक्टर दाढीवाले, तरुण, शर्टाला शाईचा डाग. मी त्यांना बारा प्रश्न विचारले, त्यातल्या पाचांना त्यांनी ‘मला माहीत नाही’ असं उत्तर दिलं. पहिल्या वेळच्या एकाही डॉक्टरच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं. तिथेच मला त्यांचा भरवसा वाटला. जे माहीत होतं ते त्यांनी आकड्यांत सांगितलं. एकदा असं झालेल्या शंभर बायकांपैकी सोळा-अठरा जणींच्या बाळाला पुन्हा होतं. मलेरियाची एक जुनी गोळी आहे, ल्युपसवरही तीच देतात. ती पहिल्यापासून घेणाऱ्या बायकांत हा आकडा सात-साडेसातवर आला. धोक्याचे दिवस अठराव्या आठवड्यापासून सव्विसाव्यापर्यंत. वाट एकदा पुरती जळली की परत येत नाही. पण ती नुकती अडखळायला लागली असताना, काही तासांत औषध मिळालं, तर परतवता येईल का? हे माहीत नाही, म्हणूनच अभ्यास. आठवड्यातून एकदा सोनोग्राफी करून तासांचा हिशेब लागत नाही. म्हणून आईनेच घरी दिवसातून तीनदा ठोके ऐकायचे.

संमतीपत्र चौदा पानांचं होतं. त्यात ‘हृदय’ हा शब्द एकतीस वेळा होता आणि त्यातल्या नऊ ठिकाणी ‘ह्रदय’ छापलेलं होतं. मी खिशातली लाल पेन्सिल काढली. डॉक्टर म्हणाले, तुम्ही वाचताय की तपासताय? मी म्हटलं, दुरुस्त केल्याशिवाय मी कशावर सही करत नाही. पुढच्या भेटीला नवी प्रत तयार होती. नऊच्या नऊ बरोबर. मग मी सही केली. निदान शब्द तरी धड होता.

यंत्र मुठीत मावेल एवढं. पोटावर जेल लावायचं, ते फिरवायचं आणि ऐकायचं. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री आठ. ठोके एकसारखे आहेत का, मध्ये गळतात का, मंद झालेत का. वहीत लिहायचं आणि आवाज अभ्यासातल्या नर्सबाईंना फोनवर पाठवायचा. पहिल्या दिवशी भावजींनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, लिफ्टची मोटर अशी चालली तर मी वर्षाचा दाखला सही करून देतो. त्यानंतर रोज सकाळी, दाखला दिला का, असं मी विचारायचे आणि ते मान हलवायचे. एकोणीस गेला. वीस गेला. एकविसाव्यात आम्ही हा विनोद करणं बंद केलं.

दुपारी दोनचं ऐकणं ऑफिसात व्हायचं, कागदाच्या गोदामात. तिथे आवाज येत नाही. रिमं भिंतीसारखी रचलेली असतात. काकू दाराशी उभ्या राहायच्या. काकू म्हणजे मूळ प्रत मोठ्याने वाचणाऱ्या, मी समोर प्रूफ धरते त्या. कुणी कागद न्यायला आलं तर त्या सांगायच्या, आत मोजणी चालू आहे. खोटं काहीच नव्हतं त्यात.

एकविसाव्या आठवड्याच्या गुरुवारी मी यंत्र ठेवलं आणि ठोके मंद आले. मी जागा बदलली. तेच. घड्याळ धरून मोजले, सत्त्याहत्तर. पुन्हा मोजले, एक्याऐंशी. मला पुढचं सगळं दिसलं: ती गप्प झालेली मुलगी, तो पडदा, घरी परत येताना गाडीत मांडीवर ठेवलेली पिशवी. मी ओरडले नाही. मी आवाज पाठवला आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसून ऐकत राहिले. त्र्याण्णव. एकशे दोन. वाढत होते, तरी बाळाला किमान लागतात त्या एकशे दहाच्या खालीच होते, आणि माझ्या कानात मात्र अठ्ठावन्नच वाजत होतं. चार मिनिटांत नर्सबाईंचा फोन आला. म्हणाल्या, एक हात मोकळा आहे का? मग यंत्र तिथेच राहू द्या आणि गळ्याजवळची स्वतःची नाडी धरा. धरली? आता दोन्ही एकदम पडतात का सांगा. पडत होते. एकही मागेपुढे नाही. तर बाई, त्या म्हणाल्या, हे तुम्ही आहात. बाळ नव्हेच हे, तुमची रक्तवाहिनी ऐकताय. घाबरलात तसे ठोके वाढले, बघा. आता जरा खाली, डावीकडे सरका. मी सरकले. एकशे त्रेचाळीस. टपटपटप, आपल्याच घाईत, जगाशी काही संबंध नसल्यासारखं.

मी रडत होते म्हणून काकू आत आल्या. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे पंधरा मिनिटं ही बाई स्वतःलाच ऐकत बसली होती. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, बरोबर आहे गं, आपली चूक आपल्याला दिसते कुठे. म्हणून तर मला पगार देतात. नर्सबाईंनी तरी इस्पितळात बोलावलंच. काकू टॅक्सीत शेजारी बसल्या आणि वाटेत प्रत्येक सिग्नलला शिव्या घातल्या. डॉक्टरांनी वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यापर्यंत निरोप जायला लागणारा वेळ मोजला. वेळ ठीक होता. मी माफी मागितली. ते म्हणाले, माफी कशाची, अशी चूक कितीजणी करतात तेही आम्हाला लिहून ठेवायचंय. माझी चूकही एका तक्त्यात बसली. मला बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

त्या दिवसापासून आधी स्वतःची नाडी, मग बाळ. बावीस, तेवीस, चोवीस. वहीची दुसरी बाजू सुरू झाली. काल शेवटची मोठी तपासणी होती. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला आणि दोन्ही कप्पे दाखवले, एकामागून एक मिटणारे. म्हणाले, इथून पुढे धोका पुष्कळ कमी. शून्य नाही. माझा रक्तदाब बघायचा, मूत्रपिंडं बघायची, बाळ कदाचित थोडं लवकर येईल. यंत्र परत द्यायचं होतं. मी नर्सबाईंच्या टेबलावर ते ठेवलं, तर भावजींनी ते उचललं, रुमालाने पुसलं आणि पुन्हा ठेवलं. घरी आल्यावर ते बूट न काढताच झोपले. दुपारचे चार वाजले होते. मी त्यांच्याकडे बघत बसले. आठ आठवड्यांत पहिल्यांदाच मी काही मोजत नव्हते.

आता तुझ्याबद्दल. गेल्या मंगळवारी आईने शेवटी शपथ मोडली, पण तुझी. माझी बहीण म्हणून तुझंही रक्त तपासलं, त्यात तीच अँटिबॉडी निघाली, बाकी तुला काही नाही, हे तिने सांगितलं. आणि आई ज्याला चष्मेवाला म्हणते त्याला तू सांगितलंस, की दुसरीकडे बघ, माझ्याशी लग्न केलंस तर मूल होणार नाही. आईने का म्हणून विचारलं तेव्हा तू म्हणालीस, ताईने सांगितलंय. सांगितलं होतं. इस्पितळाच्या जिन्यात, माझं सामान तुझ्या हातात होतं. आपल्या रक्तातच काहीतरी आहे, तू या फंदात पडू नकोस, असं मी म्हटलं. तू बरं म्हणालीस आणि आपण खाली उतरलो. नंतर मी स्वतः मात्र दाढीवाल्या डॉक्टरांकडे गेले आणि तुला कळू दिलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान. लाज वाटत होती, आणि हेही होतं की याही वेळी बिघडलं असतं तर तू त्यावर कायमचं कुलूप लावलं असतंस. म्हणून सव्वीस होईपर्यंत थांबले. हे चुकलं. काल मी डॉक्टरांना तुझं विचारलं. ज्यांना आधी असं काही झालेलं नाही, त्यांच्यात शंभरात सुमारे दोन. हा आकडा माझं बाळ जगलं म्हणून झालेला नाही. ते गेलं असतं तरी तो दोनच राहिला असता. म्हणजे हे पत्र मी केव्हाही लिहू शकत होते. मूल हवं की नको, चष्मेवाल्याला परत बोलवायचं की नाही, ते तुझं तू ठरव. नको असेल तरी मला चालेल, फक्त ते तुझं असू दे. दाढीवाल्यांना तुझं नाव दिलेलं नाही, त्यांचा नंबर मात्र पाठीमागे लिहिला आहे. आणि जिन्यातलं वाक्य मी मागे घेते. तेव्हा मला ते कुणाला तरी म्हणायचं होतं, आणि जवळ तू उभी होतीस.

तुझीच,
ताई