तिसरा रकाना

एडिनबरा,
१४ मे २००७

प्रिय स्टॅनमोरच्या बाईसाहेब,

पाकीट बघूनच तू हसशील. फोन आहे, ईमेल आहे, आणि या माणसाला पोस्टाची कसली हौस आली! पण फोनवर मी कसा बोलतो ते तू शनिवारी ऐकलंस. ईमेल मी रागात लिहितो आणि राग उतरायच्या आत पाठवून मोकळा होतो, हेही तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. कागदाचं बरं असतं. पाकीट चिकटवेपर्यंत तरी माणूस थांबतो. हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. उद्या सकाळी फर्स्ट क्लासचं तिकीट लावून टाकलं तर बुधवारी तुझ्या हातात पडेल. गुरुवारी तू आईला, म्हणजे आमच्या श्यामलामावशींना, विनयच्या स्थळाबद्दल हो की नाही ते सांगणार आहेस, म्हणून बुधवार चुकता कामा नये. एक विनंती आहे, मी शनिवारी फोनवर जे एक वाक्य बोललो ते जरा वेळ बाजूला ठेव. हे सगळं वाचून झालं की मग त्याचं काय करायचं ते ठरव.

तू मला काम दिलं होतंस. दोन भेटींत मला तो काही कळला नाही, म्हणालीस. रीडिंग गावातल्या एका कॅफेत दोन तास आणि आमच्या स्टॅनमोरच्या हॉलमध्ये आईबाबांसमोर एक तास, एवढ्यात कुणाला काय कळणार? तू गाइड, रोज टूरच्या बसवर शंभर माणसं बघतोस, त्याला तुझं शहर दाखव आणि खरं काय ते सांग. तू असं सहज म्हणालीस, आणि मीही सहज हो म्हणालो. आपल्या आया पुण्याच्या एकाच कॉलेजातल्या, आपण दोघं मंडळाच्या गणपतीत एकाच सतरंजीवर झोपलेलो; मी नाही तर कोण सांगणार, नाही का? हो म्हणून फोन ठेवला आणि त्या दिवशी बसवरच्या एका जर्मन आजोबांवर उगीच ओरडलो. त्यांनी फक्त टॉयलेट कुठे आहे ते विचारलं होतं.

तर शनिवार. वेव्हर्ली स्टेशनच्या पायऱ्यांवर भेटायचं ठरलं होतं. त्या पायऱ्यांवर वारा असा असतो की भल्याभल्यांच्या टोप्या उडतात, आणि मी ती जागा मुद्दामच सांगितली होती. पण विनय टोपी काढून हातात घेऊनच उभा होता. उंच आहे, तुला माहीतच आहे, जरा वाकून उभा राहतो. पाठीवर सॅक, काखेत प्लॅस्टिकचं फोल्डर. फोल्डर बघितल्याबरोबर मला आनंद झाला. म्हटलं, सापडला. त्यात टाइप केलेला एक कागद होता, तीन रकान्यांचा. पहिल्यात जागा, दुसऱ्यात वेळ. तिसरा रकाना रिकामा, त्याला मथळाही नव्हता. दहा ते साडेदहा अमुक, साडेदहा ते अकरा तमुक. सहलीला निघालेल्या शाळामास्तरासारखा. मी मनातल्या मनात तुला सांगायची वाक्यंसुद्धा जुळवायला लागलो.

त्याच्या कागदावर आधी किल्ला होता. मी म्हटलं, किल्ल्यावर आता गर्दी असते, आधी स्कॉट मॉन्युमेंट चढू. खोटं होतं. दोनशे सत्त्याऐंशी पायऱ्या, गोल गोल, आणि वर जाता जाता जिना इतका आवळत जातो की समोरून कुणी आलं तर पोट आत ओढून भिंतीला चिकटावं लागतं. मी आठवड्यातून दोनदा चढतो. तो कंप्यूटरपुढे बसणारा माणूस, तिसऱ्या टप्प्यालाच त्याला धाप लागली. मी थांबलो नाही. वर पोचल्यावर त्याने कठड्याला धरून दोन मिनिटं फक्त श्वास घेतला, समुद्राकडे बघितलं, खाली सरळ रेघांसारखे गेलेले रस्ते बघितले, आणि मग खिशातून पेन काढून कागदावर या जागेपुढे तिसऱ्या रकान्यात फुली मारली. मी विचारलं, आवडलं नाही? तो तुझं नाव घेऊन म्हणाला, आवडलं ना, पण इथे तिला आणता येणार नाही, अरुंद जागेत तिचा जीव घाबरतो. रीडिंगच्या कॅफेची लिफ्ट आली तेव्हा तू 'जिन्याने जाऊ, व्यायाम होईल' म्हणालीस, त्यावरून त्याने ओळखलं होतं. व्यायाम, आणि तू! मला हे ओळखायला आठवीतली ती सबंध सहल लागली होती, गुहेच्या तोंडाशी तू माझं दप्तर ओढून धरलं होतंस तेव्हाची.

उतरताना मी पायऱ्या मोजत होतो. तो बोलत होता.

मग त्याला न्यू टाउन दाखवलं. हे मला दाखवावंच लागतं, कारण ते चांगलं दाखवता येतं. तुला २००५ मध्ये मी सांगितलं होतं तेव्हा तुझं निम्मं लक्ष आइस्क्रीममध्ये होतं, म्हणून परत सांगतो. अडीचशे वर्षांपूर्वी जुन्या राजधानीत माणसं एकावर एक राहायला लागली, तेव्हा या लोकांनी दरीपलीकडच्या मोकळ्या माळावर नवं शहर आधी कागदावर काढलं. मधोमध एक सरळ रस्ता, त्याच्या दोन टोकांना दोन चौक, आणि दोन्ही चौकांत एकमेकांसमोर तोंड करून दोन चर्च. पश्चिमेचं चर्च उभं राहिलं. पूर्वेच्या चर्चची जागा मात्र एका वजनदार माणसाने आधीच हातात घेतली होती आणि तिथे स्वतःचा बंगला बांधून टाकला. मग चर्चला बिचाऱ्याला रस्त्याच्या एका बाजूला अंग चोरून उभं राहावं लागलं. बंगला अजून आहे, त्यात आता बँक आहे. बसवर हे सांगितलं की लोक हसतात. मी नेहमी शेवटी म्हणतो, मंडळी, नकाशात नाव लिहून जागा आपली होत नाही, पाया खणावा लागतो. परवा ते वाक्य तोंडातून गेलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. विनय मात्र खूश. चौकातल्या बागेला कुलूप असतं, आजूबाजूच्या घरवाल्यांकडेच चाव्या. तो गजांना नाक लावून आतली झाडं बघत होता आणि विचारत होता की लंडनहून शनिवार-रविवार आलं तर हे सगळं पायी होतं का, का बस घ्यावी, तिची टाच दुखते ना. पुन्हा तू. जॉर्ज स्ट्रीटवर बरोबरची खूण, शार्लट स्क्वेअरला बरोबरची खूण, आणि तिथल्या जुन्या घराच्या म्युझियमला दोन खुणा, कारण तुला जुनी स्वयंपाकघरं बघायला आवडतात. हे तू त्याला कधी सांगितलंस? मला तर कधी बोलली नाहीस.

दुपारी प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत बसलो. पूर्वी तिथे तळं होतं, नवं शहर करताना आटवलं. आता हिरवळ आहे आणि डोक्यावर किल्ला. त्याने सॅकमधून डबा काढला, नागपूरहून त्याच्या आईने पाठवलेली संत्रा बर्फी. माझ्यासाठी आणली होती, आणि हाउन्सलोच्या माझ्या घरच्यांसाठीही वेगळं पुडकं होतं. मी ठरवलं होतं की खायची नाही. तीन खाल्ल्या. एक वाजायला दोन मिनिटं होती आणि त्याने थर्मासमधला चहा नुकताच ओतून घेतला होता. किल्ल्यावरून रोज एक वाजता तोफ उडते, रविवार सोडून, हे मला माहीत आहे, त्याला माहीत नव्हतं. मी काही बोललो नाही. तोफ उडाली, तो एवढा दचकला की चहा पँटवर, कागदावर, सगळीकडे. शेजारच्या बाकावरची दोन पोरं खिदळली. मला वाटलं आता तरी चिडेल. त्याने आधी कागद झटकला, मग पँटकडे बघितलं, आणि मला म्हणाला की तुला ठाऊक होतं ना रे, लबाडा. आणि हसत सुटला. तो डाग घेऊनच पुढे दिवसभर हिंडला.

इथे थोडी माझीही एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. मी कॉलेज का सोडलं, याची घरातली आवृत्ती तुला माहीत आहे: आमचा परीक्षित, सरांवर ओरडला आणि निघून आला. ओरडलो हे खरं. पण का, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत तू ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास झालीस आणि फोनवर रडलीस, आठवतं? दुसऱ्या दिवशी मी तुझ्या दारात उभा होतो, वेंब्लीचा वडापाव घेऊन, आणि म्हणालो की या बाजूला काम होतं. काम नव्हतं. त्या सकाळी माझा पेपर होता. नंतर ऑफिसातल्या बाई म्हणाल्या की डॉक्टरची चिठ्ठी आण, पुन्हा बसवतो. मी आजारी नव्हतो, खोटी चिठ्ठी कशाला आणू, म्हणून मी सरांकडे जाऊन तमाशा केला. एवढं एक 'काम होतं' सोडलं तर तेव्हा मला खोटं बोलायचं नव्हतं. हे लक्षात ठेव, कारण आता याचीच लाज वाटते.

शेवटी कॅल्टन हिल. ते अर्धवट देऊळ, बारा खांब उभे आणि पुढचं राहूनच गेलेलं. बसवर मी सांगतो, हे माझ्यासारखंच, मधेच सोडलेलं. दोन वर्षांपूर्वी तू तिथे चढायला हात मागितला होतास आणि वर बसून म्हणाली होतीस की पुरं झालं असतं तर इतकं बघायला कोण आलं असतं? त्या क्षणी मी एक गोष्ट बोलणार होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात खालून मावशींनी फोटोसाठी हाक मारली. फोटोत माझं तोंड उघडंच आहे, बघ.

विनय तिथे, त्याच खांबाशी बसला. संध्याकाळचं विमान होतं त्याचं, निघायला तासभर होता. कागद गुडघ्यावर ठेवून त्याने शेवटची खूण केली, कागद वाऱ्याने उडू नये म्हणून माझ्या पिशवीत बर्फीच्या डब्याखाली सरकवला आणि खाली बघतच म्हणाला, "सकाळपासून बघतोय, तू तिला नुसतं 'ती' म्हणतोस. नाव घेत नाहीस. माझी आजी आजोबांना असंच 'ते' म्हणायची. जन्मभर."

मी म्हटलं, काहीतरीच.

मग तो वर बघून म्हणाला, "तिला विचारलंयस का कधी?"

बाईसाहेब, मी काय करायला हवं होतं? हसायला हवं होतं, नाहीतर हो म्हणायला. मी उठलो आणि त्याला नको ते बोललो. फोल्डर घेऊन बायको शोधायला निघालाय, म्हणालो. यादी करून माणूस मिळत नाही, म्हणालो. आणि त्याला तिथेच टेकडीवर सोडून उतरलो. पाहुण्याला, परक्या गावात, रस्ता न सांगता. आई तिथे असती तर कानाखाली वाजवली असती. तो हरवला मात्र नाही. इथले रस्ते इतके सरळ आखलेत की चिडून सोडून दिलेला माणूसही वेळेवर एअरपोर्टच्या बसला पोचतो.

आठ वाजता तुझा फोन आला. बाहेर लख्ख उजेड होता, माझ्या डोक्यात अजून तेच. तू विचारलंस, कसा वाटला? आणि मी ते वाक्य बोललो: दिवसभरात त्याने तुझं एकदाही नाव काढलं नाही.  तू 'बरं' म्हणालीस. ते 'बरं' मला दोन दिवस झोपू देत नाहीये. दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला. पोचलो गेटला, बर्फीचा डबा आणि माझा कागद तुझ्या पिशवीत राहिलाय, डबा संपव, राग ठेवू नकोस.

तो कागद या पाकिटात घातलाय, चहाच्या डागासकट. तिसऱ्या रकान्याला आता मथळा आहे, त्याने बागेत बसून पेनाने लिहिला. तुझं नाव आहे, आणि पुढे 'बरोबर येताना'. खुणा आणि फुल्या बघ, त्यातली एकही मी पाडलेली नाही. तो चांगला माणूस आहे. माझ्यापेक्षा शांत आहे, हे सांगायला नकोच. तुला कमी रडवेल. हे खरं काय ते, तू मागितलं होतंस तसं. त्याला हो म्हण असं सांगायचा मोठेपणा माझ्याकडे नाही, आणि नाही म्हण असं सांगायचा हक्क मी शनिवारी आठ वाजता घालवला. गुरुवारी काय बोलायचं ते तू ठरव, पण माझ्या खोट्यावरून ठरवू नकोस. दिवसभरात तुझं नाव एकदाही न घेणारा माणूस त्या टेकडीवर होता, पण तो विनय नव्हता. आणि त्याने विचारलं त्याचं उत्तर असं की नाही, कधी विचारलं नाही. जागा राखून ठेवली होती, वीट एक रचली नाही. आता तरी विचारतो, आणि उत्तर नाही आलं तरी बसवर कुणावर ओरडणार नाही, शप्पथ. आपल्याकडे नाव घ्यायचं तर यमक जुळवावं लागतं. गेले दोन दिवस प्रयत्न केला, एकही जुळलं नाही. तेव्हा तसंच घेतो.

मंजिरी.

तुझाच, तू म्हणशील तितकाच,
परीक्षित